नोटीस आणि हातोडा यांच्यामधली वर्षे

१९८४ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबई महानगरपालिकेने वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधले बांधकाम थांबवण्याची नोटीस बजावली. त्याच आवारातले बेकायदा मजले पाडण्याची नोटीस निघाली २००५ च्या नोव्हेंबरात. मधे २१ वर्षे गेली. एवढ्या काळात थांबवलेले काम पुरे झाले, मजल्यांवर मजले चढले, सदनिका विकल्या गेल्या, माणसे राहायला आली, त्यांची मुले तिथेच लहानाची मोठी झाली. पालिकेच्या दप्तरी मात्र ते मजले कधीच मंजूर नव्हते.

अनधिकृत बांधकामाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे जेसीबी, पोलीस बंदोबस्त आणि रडणारी कुटुंबे येतात. वर्तमानपत्रात छायाचित्र छापून येते ते पाडकामाच्या दिवसाचे. पण पालिकेचा निर्णय त्या दिवशी झालेला नसतो. तो झालेला असतो त्याच्या कितीतरी आधी, पाया खणला जात असताना, जोते तपासायला कोणी आले नाही तेव्हा, नोटिशीची फाईल कपाटात गेली तेव्हा. काही न करणे हादेखील पालिकेने घेतलेला निर्णयच असतो, आणि त्याचे पैसे बहुतेक वेळा ज्याने बांधकाम केले तो भरत नाही, ज्याने घर घेतले तो भरतो. हे कसे घडते ते समजून घ्यायला कॅम्पा कोलाइतके चांगले उदाहरण नाही.

ती जमीन मुळात पालिकेचीच होती. १९५५ मध्ये ती शीतपेये बनवणाऱ्या प्युअर ड्रिंक्स कंपनीला भाडेपट्ट्याने दिली गेली. १९८० च्या सुमारास कंपनीने तिथे निवासी इमारती बांधण्याची परवानगी मिळवली आणि विकासकांशी करार केले. १९८१ ते १९८९ या काळात तिथे सात इमारती झाल्या. मंजुरी पाच मजल्यांची होती. प्रत्यक्षात एक इमारत १७ मजल्यांपर्यंत गेली, एक २० मजल्यांपर्यंत. सुधारित नकाशे मंजुरीसाठी गेले होते, ते मंजूर झाले नाहीत. नोटीस आली, तरी काम चालूच राहिले. भोगवटा प्रमाणपत्र नव्हते, त्यामुळे पाण्याची नियमित जोडणीही नव्हती. वर्षानुवर्षे टँकरच्या पाण्यावर दिवस काढल्यानंतर रहिवासी पाण्यासाठी न्यायालयात गेले आणि तिथून मूळ प्रश्न पुन्हा वर आला.

२७ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती जी. एस. सिंघवी यांच्या खंडपीठाने बेकायदा मजले नियमित करण्यास नकार दिला. नकाशे मंजूर नाहीत हे घर घेणाऱ्यांना ठाऊक होते, असेही न्यायालयाने नोंदवले. मुदती वाढत गेल्या. १३ नोव्हेंबर २०१३ च्या सकाळी पालिकेचे पथक फाटक तोडून आत शिरले आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन पुढच्या मे अखेरपर्यंत कारवाई थांबवली. जून २०१४ मध्ये त्या सदनिकांचे पाणी, वीज आणि गॅस तोडण्यात आले. रहिवाशांबद्दल सहानुभूतीने बोलणारे होते, कठोरपणे बोलणारेही होते. मला या वादात राहून राहून एक गोष्ट खटकते. १९८४ मध्ये ज्या अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत काम थांबवण्याची ती नोटीस होती, त्यांच्यापैकी कोणाचे नाव या चर्चेत कधी आले नाही.

बांधकामाच्या परवानगीचा रस्ता तसा सरळ आहे. मालक किंवा विकासक परवानाधारक वास्तुविशारदाकडून नकाशे काढून घेतो आणि पालिकेच्या नगररचना विभागाकडे, मुंबईत इमारत प्रस्ताव विभागाकडे, अर्ज करतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली हा अर्ज होतो आणि कलम ४५ खाली त्यावर मंजुरी किंवा नामंजुरी मिळते. मंजुरीनंतर बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळते, बांधकामाच्या धंद्यात ज्याला नुसते सीसी म्हणतात. जोते झाले की ते नकाशाबरहुकूम आहे ना हे तपासून घ्यायचे, मगच वर जायचे. शेवटी पूर्णत्वाचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. कागदावर प्रत्येक टप्प्याला एक दरवाजा आहे आणि प्रत्येक दरवाजाची किल्ली पालिकेकडे आहे.

या साखळीत जोत्याच्या तपासणीला सगळ्यात कमी मान मिळतो, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची आहे. जोत्याच्या वेळी त्या जागेवर कोणीही राहत नसते. इमारत किती जागा व्यापणार, शेजारच्या हद्दीपासून किती अंतर सुटले आहे, रस्तारुंदीकरणाची पट्टी मोकळी आहे की नाही, हे सारे फीत लावून मोजता येते. चूक सापडली तर दुरुस्तीचा खर्च काही ब्रास काँक्रीट आणि काही दिवसांची मजुरी एवढाच. तोच दोष सातव्या मजल्यावर लक्षात आला तर त्याच्या पोटात शंभर जणांची आयुष्यभराची बचत अडकलेली असते.

नियम मोडणे सगळे एकाच जातीचे नसते, हे नीट समजून घ्यायला हवे, कारण पालिकेच्या निर्णयाचा सगळा भार याच फरकावर आहे. काही बांधकामे परवानगी न घेता झालेली असतात, पण अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती. अंगणात वाढवलेली खोली, मंजूर नकाशात दाखवली त्यापेक्षा वेगळ्या जागी बांधलेला जिना, शिल्लक चटईक्षेत्रातून काढलेला मजला. अशांना दंड आणि शुल्क आकारून नियमित करता येते. कायद्यानेच ती वाट ठेवली आहे. कलम ५३ खाली नोटीस आली की मिळालेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्याच्या परवानगीसाठी अर्ज करता येतो. दुसऱ्या प्रकारात मोडतात ती बांधकामे, ज्यांना अर्ज केला असता तरी परवानगी मिळूच शकली नसती. विकास आराखड्यातल्या रस्त्यावर उभी असलेली, नाल्याच्या पात्रात पाय रोवलेली, शाळेच्या किंवा मैदानाच्या आरक्षणावर चढलेली, अनुज्ञेय चटईक्षेत्र कितीतरी ओलांडलेली. इथे पैसे घेऊन दोष धुता येत नाही. पाच लाख भरले म्हणून नाल्याचे पात्र रुंद होत नाही.

चटईक्षेत्र निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल त्याचे प्रमाण. मुंबई शहर भागात मूळ निर्देशांक दीर्घकाळ १.३३ राहिला, म्हणजे १,००० चौरस मीटरच्या भूखंडावर १,३३० चौरस मीटर. हा आकडा कोणी हौस म्हणून ठरवलेला नाही. त्या भागातल्या जलवाहिन्या किती घरांना पाणी देऊ शकतील, मलवाहिन्यांत किती सांडपाणी मावेल, रस्त्यावर किती गाड्या येतील, याचा हिशेब त्यामागे असतो. सामासिक अंतराचेही तसेच. उंच इमारतीभोवती अग्निशमन दलाची गाडी फिरू शकेल अशी किमान ६ मीटर मोकळी जागा लागते. ती जागा पत्रे टाकून बंद केली की आग लागेपर्यंत काही बिघडत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लोअर परळच्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंट-पबना आग लागली आणि १४ जण मेले. गच्चीवर केलेल्या बेकायदा बांधकामाचा आणि परवानग्यांचा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

आता निर्णय घेतो कोण? अनेकांना वाटते की नगरसेवक किंवा महासभा. इंग्लंडमध्ये मोठ्या प्रकल्पांवर निवडून आलेल्या सदस्यांची समिती खुल्या बैठकीत मतदान करते. महाराष्ट्रात तसे नाही. इथे एकेका इमारतीची परवानगी, नोटीस आणि पाडकाम हे आयुक्तांचे अधिकार आहेत आणि ते खालच्या अधिकाऱ्यांकडे सोपवलेले असतात. प्रभागाचा सहायक आयुक्त, पदनिर्देशित अधिकारी, कनिष्ठ अभियंता, बीट निरीक्षक ही ती साखळी. महासभेचा संबंध येतो विकास आराखड्याशी. आरक्षण बदलायचे असेल तर कलम ३७ खाली प्रस्ताव तिच्यासमोर येतो आणि अंतिम मंजुरी राज्य शासन देते. तरीही नगरसेवकाच्या एका फोनने पथक परत फिरते, हे प्रत्येक शहरात माहीत आहे. कायद्यालाही ते माहीत आहे. म्हणून तर मुंबई महानगरपालिका अधिनियमात आणि महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अशी तरतूद आहे की ज्या नगरसेवकाने स्वतः बेकायदा बांधकाम केले, दुसऱ्याला ते करायला मदत केली किंवा पाडकामात अडथळा आणला, तो पदावर राहण्यास अपात्र ठरतो. ही तरतूद नेमाने वापरली गेली असती तर अनेक सभागृहांची रचना वेगळी दिसली असती.

लोकप्रतिनिधींच्या संस्थेने रीतसर ठराव करून परवानगी दिली तरी ती आराखड्याविरुद्ध असेल तर टिकत नाही. कर्नाटकातल्या उडुपीच्या नगरपरिषदेने निवासी भागात चित्रपटगृहाला परवानगी दिली, तेव्हा तिथला एक रहिवासी न्यायालयात गेला. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला आणि म्हटले की नियोजनाचा नियम मोडला जातो तेव्हा त्या भागात राहणाऱ्या माणसाचा हक्क हिरावला जातो. अनधिकृत बांधकाम ही फक्त पालिका आणि मालक यांच्यामधली बाब नाही, शेजारी त्यात तिसरा पक्ष आहे, हे या निकालाने पक्के झाले. लखनौच्या महापालिकेने तर झंडेवाला पार्क या उद्यानाखाली भूमिगत बाजार बांधायला दिला होता. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करायला लावले. केरळातल्या मराडूत किनारा नियमन क्षेत्रात इमारतींना परवाने दिले होते ते तिथल्या ग्रामपंचायतीनेच.

मग नोटीस आणि हातोडा यांच्यामध्ये वर्षे का जातात? भ्रष्टाचार हे उत्तर खरे आहे, पण ते सगळे उत्तर नाही. यंत्रणेची घडणच अशी आहे की उशीर सगळ्यांच्या सोयीचा होतो.

शिक्षा आधी पाहू. १९६६ च्या कायद्यातल्या कलम ५२ खाली बेकायदा विकासाला एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दोन हजार ते पाच हजार रुपये दंड आहे. त्या काळी पाच हजारांना किंमत होती. आज एका सदनिकेच्या वाहनतळाच्या जागेची किंमत कित्येक लाखांत असताना पाच हजार रुपयांनी कोण थांबणार? मुदतीकडे पाहिले तर, अजिबात परवानगी नसलेल्या बांधकामाला २४ तासांची नोटीस आणि परवानगीपेक्षा वेगळे बांधले असेल तर किमान एक महिन्याची, असे कलम ५३ सांगते. नोटीस निघते. मग उत्तर येते, सुनावणी होते, पाडण्याचा आदेश निघतो, मालक दिवाणी न्यायालयातून स्थगिती आणतो. पालिकेचा वकील वेळेवर उभा राहिला नाही तर ती स्थगिती वर्षानुवर्षे चालते. स्थगिती उठली तरी पोलीस बंदोबस्त हवा, तो मिळाला नाही की तारीख पुढे. त्यात पावसाळ्यात राहती घरे पाडायची नाहीत असे शासनाचे धोरण आहे. धोरण माणुसकीचे आहे आणि तसेच असायला हवे, पण जूनच्या तोंडावर घाईघाईने कुटुंबे आत आणून बसवणाऱ्यांनाही ते पाठ असते.

राहायला माणसे आणणे हा या धंद्यातला सगळ्यात निर्दय डाव आहे. इमारत रिकामी असेल तर पाडणे हा अभियंत्याचा प्रश्न असतो, आत माणसे असली की तो राजकीय आणि मानवी प्रश्न होतो. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळच्या शिळफाटा परिसरात लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. तिला परवानगी नव्हती. वरचे मजले चढत असताना खाली कुटुंबे राहत होती. काम करणारे मजूर, त्यांची बायकामुले, स्वस्त घर मिळाले म्हणून आलेले लोक. ठाणे महापालिकेच्या अधिकाऱ्यांनाही नंतर अटक झाली. ही इमारत रातोरात उभी राहिली नव्हती आणि कुठल्या कोपऱ्यात लपलेलीही नव्हती.

या सगळ्यात कराच्या भागाबद्दल फारसे कोणी बोलत नाही. बांधकाम बेकायदा असले तरी पालिका त्यावर मालमत्ता कर आकारते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७ अ खाली तर अशा बांधकामावर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती लावता येते, आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित ठरणार नाही असे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. सामान्य माणसाला ते पटत नाही, आणि त्याचे चूक नाही. दरवर्षी पालिकेचे बिल येते, पावती मिळते, विजेचे मीटर लागते, मतदार यादीत त्याच पत्त्यावर नाव येते. शासनाच्या इतक्या हातांनी मान्य केलेले घर एका विभागाच्या नोंदीत अनधिकृत आहे, हे त्याने कसे ओळखावे? पिंपरी-चिंचवडमध्ये ही शास्ती हा कित्येक निवडणुकांचा मुद्दा झाला आणि २०२३ मध्ये ती माफ झाली. माफीने हजारो कुटुंबांना श्वास घेता आला. पण ज्यांनी त्याच शहरात परवानगीची वाट धरली, शुल्क भरले, सामासिक अंतर सोडून लहान घर बांधले, त्यांना या निर्णयातून काय सांगितले गेले, हा प्रश्न उरतोच.

माफीच्या तारखांचा आपला इतिहास लांब आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांच्या छावणीतून वाढलेल्या उल्हासनगरात उच्च न्यायालयाने ८५५ इमारतींवर कारवाईचे आदेश दिले, तेव्हा राज्याने २००६ मध्ये खास त्या शहरासाठी नियमितीकरणाचा कायदा केला. शेतजमिनीचे एक-एक, दोन-दोन गुंठे पाडून विकलेल्या वस्त्यांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आला आणि २०२१ मध्ये त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली गेली. नवी मुंबईतल्या दिघ्यात औद्योगिक विकास महामंडळाच्या जमिनीवरच्या ९९ इमारतींचा प्रश्न उच्च न्यायालयात गाजल्यानंतर २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२ अ घातले गेले. ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामे दंड आकारून प्रशमित करण्याची सोय त्यात होती. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने हे कलम ठेवले, पण त्याखालचे काही नियम रद्द केले.

या कायद्यांना सरसकट वाईट म्हणता येणार नाही. गुंठेवारीतल्या माणसाने घर बांधले कारण शहराने त्याच्या ऐपतीची कायदेशीर जागा त्याला कधी दिलीच नाही. गिरणी, कारखाना, बाजार समिती, बांधकाम यांवर जगणाऱ्यांना शहर हवे असते, पण आराखड्यात त्यांची घरे दाखवलेली नसतात. वीस वर्षांनी सुधारायचा आराखडा तीस वर्षे रखडतो आणि तोवर वस्ती वसून जाते. अशा वस्तीला रस्ता, गटार, पाणी देऊन शहरात सामावून घेणे हेच शहाणपण आहे. माझा आक्षेप तारखेला आहे, आणि ती तारीख पुन्हा पुन्हा पुढे सरकण्याला आहे. एकदा माफी झाली की पुढची माफी होणारच, असा हिशेब बांधणारा करतो, आणि आजवर तो हिशेब फारसा चुकलेला नाही. गरिबाच्या दोन खोल्यांसाठी आणलेल्या तरतुदीच्या पोटात पाच-सहा मजल्यांचे विक्रीचे मनोरे शिरतात, आणि जिथे वेगळे पारडे हवे होते तिथे दोघांना एकाच पारड्यात तोलले जाते.

२०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला नालासोपाऱ्यात ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडल्या गेल्या. त्या जमिनीवर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प आणि कचराभूमीचे आरक्षण होते. तिथे राहणारी माणसे कष्टकरी होती, अनेकांनी गावाकडची जमीन किंवा दागिने विकून ती घरे घेतलेली. इथे रहिवाशांना जबाबदार धरणारा युक्तिवाद माझ्या गळी उतरत नाही. ४१ इमारती उभ्या राहायला काही वर्षे लागतात. त्या वर्षांत त्या प्रभागाला अभियंता होता, निरीक्षक होता, प्रत्येकाचा पगार होत होता.

कल्याण-डोंबिवलीत तर बनावट प्रारंभ प्रमाणपत्रांच्या आधारे ६५ इमारतींची महारेरा या गृहनिर्माण नियामकाकडे नोंदणी झाल्याचे उघड झाले आणि २०२४ च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. ज्या नोंदणीवर विश्वास ठेवा असे सरकार सांगत होते, त्या नोंदणीचाच इथे वापर झाला होता. पालिकेकडचा मूळ कागद आणि नियामकाकडे आलेला कागद एकच आहे का, एवढी साधी पडताळणी झाली नव्हती.

पालिका वेळेवर वागल्याची उदाहरणे कमी आहेत, पण आहेत. मुंबईच्या भुलाभाई देसाई रस्त्यावरच्या ३६ मजली प्रतिभा इमारतीने अनुज्ञेय चटईक्षेत्र ओलांडले होते. पालिकेने १९८४ मध्येच वरचे आठ मजले पाडण्याची कारवाई सुरू केली. सोसायटीने आडवे मजले कापण्याऐवजी इमारतीचा उभा भाग काढू द्या अशी मागणी केली, १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. आठ मजले गेले. राहिलेला सांगाडा कित्येक वर्षे रिकामा उभा होता. म्हणजे कॅम्पा कोलाला काम थांबवण्याची नोटीस गेली त्याच वर्षी, त्याच पालिकेने, दक्षिण मुंबईत दुसऱ्या एका इमारतीबाबत कडक पाऊल उचलले होते. कायदा एकच होता, कार्यालयही एकच. एका ठिकाणी निर्णय झाला आणि दुसऱ्या ठिकाणी टळला.

पाडणे अटळ असेल तर खर्च कोणी सोसायचा, याची उत्तरे देशात वेगवेगळी मिळाली आहेत. मराडूच्या चार इमारती जानेवारी २०२० मध्ये स्फोटकांनी पाडल्या गेल्या, तेव्हा प्रत्येक सदनिकाधारकाला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई सरकारने द्यावी आणि ती बांधणाऱ्यांकडून वसूल करावी, असे न्यायालयाने ठरवले. नॉयडातले सुपरटेकचे जोडमनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी काही सेकंदांत जमीनदोस्त झाले. तिथे दोन इमारतींमध्ये १६ मीटर अंतर हवे असताना ९ मीटरच होते. न्यायालयाने प्राधिकरणाचे अधिकारी आणि विकासक यांच्या संगनमतावर थेट बोट ठेवले आणि खरेदीदारांना १२ टक्के व्याजासह पैसे परत करायला सांगितले. ही लढाई शेजारच्या इमारतीतल्या रहिवाशांनी वर्षानुवर्षे लढवली होती. महाराष्ट्रात मात्र नियम मोडणाऱ्याकडून वसुली करून खरेदीदाराला भरपाई देण्याची पद्धत अजून रुजलेली नाही. ती रुजायला हवी.

लंडनच्या ग्रीनिच परगण्यात अलीकडे असाच पेच उभा राहिला. मास्ट की नावाच्या प्रकल्पातले दोन २३ मजली मनोरे, २०४ सदनिका. मंजूर नकाशापासून झालेले २६ बदल परगण्याच्या परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीरपणे मांडले आणि मनोरे पाडण्याची नोटीस दिली. विकासक अपिलात गेला आणि २०२५ च्या जानेवारीत अपील ऐकणाऱ्या निरीक्षकाने पाडकाम टाळून दुरुस्त्या करण्याच्या अटींवर इमारती ठेवल्या. पाडकाम तिथेही झाले नाही. पण कोणते २६ दोष, कोणाचा निर्णय, कोणत्या कारणाने, हे सारे कोणाही नागरिकाला वाचता येईल असे समोर होते. आपल्याकडे शेजारच्या इमारतीला नोटीस मिळाली की नाही हे कळायला माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा लागतो.

वेळेवर कारवाई हवी म्हणणे म्हणजे वाटेल तसा बुलडोझर हवा असे नव्हे. आरोपीचे घर म्हणून घर पाडण्याचे प्रकार देशात झाले, तेव्हा १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान १५ दिवसांची नोटीस, व्यक्तिशः सुनावणी, कारणांसह आदेश आणि पाडकामाचे चित्रीकरण बंधनकारक केले. नियम डावलून पाडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई घेण्याचेही सांगितले. रस्ता, पदपथ, रेल्वे अशा सार्वजनिक जागांवरची बांधकामे यातून वगळली आहेत. त्यानंतर महिनाभराने, १७ डिसेंबर २०२४ ला, मेरठच्या एका प्रकरणात न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांच्या खंडपीठाने दुसरी बाजू पक्की केली. मंजूर नकाशा बांधकामाच्या जागी शेवटपर्यंत लावलेला असावा, अधिकाऱ्यांनी ठरावीक काळाने पाहणी करून तिची नोंद ठेवावी, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय वीज, पाणी, मलनिस्सारण जोडण्या देऊ नयेत, बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे, आणि चुकीचे दाखले देणाऱ्या अधिकाऱ्यावर विभागीय कारवाई व्हावी. दोन्ही निकाल एकत्र वाचले की एकच गोष्ट दिसते. पाडकामाच्या दिवशी अधिकाऱ्याचे हात बांधले जात असतील, तर बांधकामाच्या काळात त्याने डोळे उघडे ठेवलेच पाहिजेत.

हे आदेश आपल्या पालिकांनी मनावर घेतले तर बराच फरक पडेल. प्रत्येक जोत्याच्या तपासणीची तारीख, तपासणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र संकेतस्थळावर टाकायला फारसा खर्च येत नाही. बजावलेली प्रत्येक नोटीस आणि तिचे पुढे काय झाले हे प्रभागवार जाहीर केले तर फाईल कपाटात ठेवणे अवघड होईल.

तोवर घर घेणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी, हे सांगणे भाग आहे. विक्री कार्यालयात दाखवलेल्या झेरॉक्सवर भागवू नका. प्रारंभ प्रमाणपत्र किती मजल्यांचे आहे ते वाचा आणि पालिकेच्या नगररचना विभागातून त्याची खातरजमा करून घ्या. महारेराच्या संकेतस्थळावरचा नकाशा आणि प्रत्यक्ष इमारत यांचे मजले मोजून पाहा. १९६३ च्या सदनिका कायद्याने पूर्णत्वाच्या दाखल्याआधी ताबा द्यायला बांधणाऱ्याला मनाई केलेली आहे, तेव्हा ‘ओसी येईलच, तुम्ही राहायला या’ असे कोणी म्हणाले तर चावी घेऊ नका. आणि शेजारी नवे काम सुरू झाले की मंजुरीचा फलक लावला आहे का ते पाहा. नसेल तर प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि पाया भरला जाण्याआधी द्या.